सतरा नंबरचा आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणीही म्हणेल, खेड्यातली बाई, चौथी शिकलेली, तिला काय, झाडामागे भूत दिसणारच. माझं माहेर उरणकडचं. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी आईबरोबर मिठागरावर जायला लागले. अंधारात, भरतीच्या वेळेला, बांधावरून एकटी चाललेली बाई आहे मी. तिथे मला विंचू दिसले, साप दिसले, एकदा दारू पिऊन पडलेला मुकादम दिसला. दुसरं काही कधी दिसलं नाही.

माझी लेक प्राजू पनवेलला कॉलेजात जाते. ती म्हणते, इंटरनेटवर लोक असले अनुभव लिहितात, तू पण लिही. तिच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. तिला वाचायला द्यायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही. पण लिहायचं मात्र आहे... कारण घडलं एक आणि सांगितलं जातं दुसरंच, आणि त्या दुसऱ्या गोष्टीत माझं नाव घेतात.

आमचं गाव पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. रिक्षाने पाऊण तास लागतो. गावातून पश्चिमेकडे बघितलं तर रात्रभर आभाळ तांबूस दिसतं. तळोज्याच्या कारखान्यांचा उजेड, हायवेचा उजेड. पण मागची धार चढून पलीकडे उतरलं की एक मोठा सपाट माळ लागतो. पूर्वी तिथे नाचणीची खळी होती म्हणून त्याला खळ्याचा माळ म्हणतात. डोंगराची धार आडवी येते, त्यामुळे शहराचा उजेड तिथे पोचत नाही. चांदण्या इतक्या दिसतात की मोजायला बसणारा वेडा व्हायचा.

हे मुंबई-पुण्याच्या लोकांना कळलं आणि ग्रुप यायला लागले. अवसेच्या जवळचा शनिवार धरायचा, दुपारी डोंगर चढायचा, रात्री चांदण्या बघायच्या, मग तंबूत झोपायचं, सकाळी उतरायचं. आमच्या सासूबाई पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या होत्या, "अवसेला डोंगरावं जातान ही लोका, आनि आडानी आपल्याला बोलतान." पण ग्रुप आले तसं काम आलं. मी आणि शेजारची हिराबाय मिळून जेवण करायचो. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचा रस्सा, न खाणाऱ्यांना वालाचं बिरडं. टोपं डोक्यावर घेऊन वर जायचं, उजेड असेपर्यंत वाढायचं आणि भांडी घेऊन खाली यायचं. गावातल्या सहा घरांना त्यातून काही ना काही मिळायचं. कोणी पाणी वर न्यायचं, कोणी चुलीला लाकडं.

ग्रुप आणणाऱ्याला सगळे केतन सर म्हणतात. माणूस हुशार आहे, चांदण्यांची माहिती खरंच चांगली सांगतो. तीन चांदण्यांच्या ज्या रांगेला आम्ही तिकांडं म्हणतो तिची गोष्ट त्याने सांगितली तेव्हा मी भांडी घासायची थांबून ऐकली होती. माझं त्याच्याशी वैर नव्हतं. मी त्याच्याशी कधी बोललेच नाही तर वैर कुठून येणार?

मी लोकांत बोलत नाही. लहानपणापासूनच नाही. शाळेत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं की मी रडायचे. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा तीनदा घ्यायला लावलं, तरी पहिल्या रांगेतल्या बायकांना ऐकू गेलं नाही. दुकानात गेले तरी वस्तूवर बोट ठेवते. गावात सगळ्यांना हे ठाऊक आहे, माझी चेष्टाही करतात, मला त्याचं काही वाटत नाही. वाटलं ते पुढे जे झालं त्याचं.

पौषातला शनिवार होता. चोवीस माणसं होती, सर वेगळे. हिराबायच्या सुनेच्या पोटात दुखायला लागलं म्हणून ती वाढून झाल्याबरोबर खाली गेली. मी एकटीच भांड्यांपाशी थांबले. आमचे हे मला न्यायला वर येणार होते.

आता या लोकांची एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. अंधार पडला की पांढरा उजेड लावायचा नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो म्हणे, आणि एकाने टॉर्च लावला की सगळ्यांचा अर्धा तास वाया जातो. म्हणून टॉर्चला लाल कागद बांधलेला असतो, तोसुद्धा सरांना विचारून लावायचा. मॅट आठ-आठच्या तीन रांगांत घातलेल्या असतात आणि प्रत्येकाला त्याच्या मॅटचा नंबर. अंधारात माणसं मोजायची कशी? तर सर म्हणतात "काउंट", आणि सगळे आडवे पडल्या पडल्या आपापला नंबर बोलतात, इंग्लिशमध्ये. वन, टू, थ्री... चोवीसपर्यंत आलं की झालं. कोणी उठून कोणाला बघत नाही.

सतरा नंबरची मॅट तिसऱ्या रांगेत पहिली. माझ्या चुलीच्या दगडांपासून दोन हातांवर. त्या मॅटवर गार्गी नावाची मुलगी होती. वीस-बावीस वर्षांची, कॉलेज संपलेली, पहिल्यांदाच आलेली. जेवताना तिने माझ्याकडे दुसऱ्यांदा बिरडं मागितलं होतं म्हणून लक्षात राहिली. आवाज थोडा घोगरा, सर्दी झाल्यासारखा.

अंधार पडल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, इथे बाथरूमला कुठे जायचं?" मी करवंदीच्या जाळीकडे हात केला. ती पाण्याची बाटली घेऊन गेली. तिच्याजवळ टॉर्च नव्हता. जाळीच्या पलीकडे थोडं गेलं की घळ आहे. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी फक्त हात केला.

ती गेली आणि थोड्या वेळाने सर म्हणाले, "काउंट."

वन, टू, थ्री सुरू झालं. मी जाळीकडे बघत होते. गार्गी आलेली नव्हती. मला वाटलं, सांगावं. शब्द अगदी ओठांवर आले होते... "ती पोरगी तिकडं गेली हाय." एवढंच सांगायचं होतं. पण चोवीस माणसं, सगळी शिकलेली, सगळी शांत, आणि मध्येच माझा आवाज येणार, या विचारानेच माझ्या अंगाला घाम फुटला. थंडीत.

दुसरी रांग संपली. सोळा नंबरच्या माणसाने "सिक्स्टीन" म्हटलं. मग एक क्षण काहीच नाही.

मग सतरा नंबरच्या मॅटवरून आवाज आला. "सेव्हन्टीन."

तिचाच. तोच घोगरा, सर्दी झालेला. थोड्या वेळापूर्वी मला बाथरूम विचारणारा. मला हायसं वाटलं. म्हटलं, आली वाटतं, माझंच लक्ष नव्हतं. आणि मी मान वळवून बघितलं.

मॅटवर कोणी नव्हतं. चांदण्यांच्या उजेडातसुद्धा दोन हातांवरचं दिसतं. बॅग होती, बॅगेवर टोपी होती, चादर घडी घालून ठेवलेली होती. चादरीची घडी मोडलेली नव्हती.

पुढचे नंबर चालू झाले होते. अठरा, एकोणीस... चोवीस. सर म्हणाले, सगळे आहेत, छान. आणि हिरव्या लेझरने आभाळात दाखवायला लागले. मी परत बघितलं. परत एकदा बघितलं. मग भांडी आवरायला लागले. म्हटलं, मागे कुठे बसली असेल, तिथून बोलली असेल. माणूस आपल्या मनाला किती पटकन पटवतो, बघा.

हे आले. उतरताना वाटेत मी त्यांना म्हटलं, ती सतरा नंबरची पोरगी मला दिसली नाय.

"आवाज दिला ना तिनं?"

"दिला."

"मग आली आसल," ते म्हणाले. आणि आम्ही घरी आलो.

सकाळी साडेसहाला केतन सर धावत गावात आले. तंबूतल्या मुलींना वाटलं होतं, गार्गी दुसऱ्या तंबूत झोपली. गावातले पुरुष लगेच वर गेले. आठच्या सुमारास ती घळीत सापडली. दोन पुरुष खोल पडली होती, पाय मोडलेला, डोक्याला मार, अंग थंडगार पडलेलं. जिवंत होती. आमच्या ह्यांनी आणि माझ्या दिराने चादरीची झोळी करून तिला खाली आणलं. पनवेलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून एखादा तास गेला असता तर कठीण होतं.

तिला गाडीत घातलं आणि सर परत फिरले. आमच्या अंगणात सगळा ग्रुप उभा, अर्धा गाव उभा. सर म्हणाले, काउंट पूर्ण आला होता, सगळ्यांनी ऐकला. मग तिचा नंबर कोणीतरी दुसऱ्याने दिला. आमच्यातला प्रत्येकजण एकदाच बोलला. तिथे बाहेरची व्यक्ती एकच होती. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

अठरा नंबरच्या मॅटवर बँकेत काम करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, आवाज बाईचाच होता, आणि मावशी बसल्या होत्या त्याच बाजूने आला. त्यांची आणि गार्गीची मॅट एकमेकींना लागून. पण मॅडम म्हणाल्या, मी वर आभाळात बघत होते. कोटी कोटी मैलांवरचं त्यांना दिसत होतं, हाताला लागेल इतकी जवळची रिकामी मॅट दिसली नाही. आणि मान खाली घालून उभी कोण? मी.

 माझे हात पिठाचे होते, ते तसेच धरून उभी राहिले. माझ्या सासूबाई पुढे आल्या. "माजी सून लग्नात नवऱ्याचा नाव घेताना कोनाला आयकू नाय आली. ती तुमच्या चोवीस मान्सांत नंबर बोलल?" लोक हसले. त्या हसण्यात आमचं म्हणणं गेलं. सर म्हणाले, आजी, मी असं म्हणत नाही की मुद्दाम केलं. त्यांना वाटलं असेल आपलाही नंबर आला, किंवा गंमत वाटली असेल.

गंमत!

मला इंग्लिशमधले आकडे धड येत नाहीत. त्यातल्या सतरा आणि सत्तरमध्ये आजही माझा गोंधळ होतो, प्राजूला विचारा. माझ्या तोंडून आकडा निघालाच असता तर "सतरा" निघाला असता. हे मला त्याच रात्री अंथरुणात सुचलं. अंगणात नाही सुचलं. गप्प राहणाऱ्या माणसाला उत्तरं नेहमी घरी आल्यावरच सुचतात.

चार दिवसांनी प्राजूने मोबाइलवर आलेला मेसेज वाचून दाखवला. सरांनी सगळ्या ग्रुपना पाठवला होता. त्यात लिहिलं होतं की स्थानिक महिलेच्या बेजबाबदार वागण्यामुळे एका सदस्याचा जीव धोक्यात आला, म्हणून या गावातले कार्यक्रम बंद करत आहोत. खाली लोकांनी लिहिलं होतं, गावातली माणसं अशीच असतात. एकाने लिहिलं होतं, अशा बाईवर केस करा. ती गार्गी माझ्या नवऱ्याने पाठीवरून, झोळीतून, गुडघे फोडून घेत खाली आणली. त्याबद्दल एक ओळ नव्हती.

ग्रुप बंद झाले. सहा घरांचं शनिवारचं काम गेलं. महिन्याभराने हिराबाय माझ्याकडे आली. तिला सरांचा फोन आला होता. मी माफी मागितली आणि तिचा व्हिडिओ काढू दिला तर ते परत यायला तयार होते.

मी म्हटलं, मी बोललेच नाय तर माफी कसली?

ती माझ्या शेजारी ओट्यावर बसली. चांगली बाई आहे ती, मला तिचा राग नाही. "बोल्लीस त बोल्लीस गो. आन नाय बोल्लीस त पन बोल्ली म्हन. एका मिंटाचा काम हाय. आमच्या पन चुली हायेत."

त्या रात्री मी ह्यांनाही विचारलं. ते अंथरुणावर उठून बसले. मग म्हणाले, तू बोलली नाहीस हे मला ठाऊक आहे, पण मग कोण बोललं ते मी गावाला काय सांगू? म्हणजे माझा नवरासुद्धा तिथेच येऊन अडत होता.

माफी मागायची असं जवळजवळ ठरलं होतं. सर रविवारी येणार होते. त्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी दारात रिक्षा थांबली आणि गार्गी उतरली. एका हातात काठी, सोबत तिची आई. मला वाटलं, भांडायला आल्या. मी चहा ठेवायला आत पळाले. गार्गी काठी टेकत माझ्या मागे स्वयंपाकघरात आली आणि पाटावर पाय लांब करून बसली.

ती म्हणाली, जाताना मी बरोबर गेले, तुम्ही दाखवलं तिकडेच. परत येताना दिशा चुकले. पडले तेव्हा शुद्ध गेली. शुद्ध आली ती काउंटच्या आवाजाने. वारा माळावरून घळीकडे होता, वरचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. थर्टीन, फोर्टीन... तिने ठरवलं, सिक्स्टीन झालं की मी बोलणार नाही, सगळे थांबतील, मला शोधायला येतील. आपण गप्प राहिलो की आपण वाचू, असं तिला वाटलं. म्हणून ती वाट बघत होती.

"आणि मावशी, मग मी वर बोलले," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला.

"माझाच आवाज. मला सर्दी होती ना, तसाच. वरून आला. मी खाली पडले होते आणि मी वर सेव्हन्टीन म्हटलं. मला वाटलं, मी तर वरच आहे. मग इथे खाली कोण पडलंय?" नंतर ती ओरडली, खूप ओरडली. पण वारा उलटा होता.

तिने हे दवाखान्यातच सरांना सांगितलं होतं. मेसेज जायच्या आधी. सर म्हणाले, तू बेशुद्ध होतीस, डोक्याला मार होता, भास झाला. म्हणजे त्या माणसाला ठाऊक होतं. ज्या मुलीचा नंबर होता ती स्वतः सांगत होती की आवाज त्या मावशीचा नव्हता, आणि तरीही त्याने माझ्या नावाने मेसेज पाठवला. कारण आवाज माझा नसेल तर मग विचारावं लागतं, तुम्ही एकदा लाल टॉर्च लावून डोळ्यांनी माणसं का मोजली नाहीत?

गार्गीने मला एकच विचारलं. तुम्ही शेजारीच होता, माझ्या मॅटवर तेव्हा कोण होतं?

कोणालाही न सांगितलेलं मी तिला सांगितलं. मॅट रिकामी होती. चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती. मी बघितलं होतं. तीनदा बघितलं. आणि मी गप्प बसले, कारण मला लाज वाटली.

मला वाटलं ती ओरडेल. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती, तिने तोंडावर पदर धरला. गार्गीने काठी उचलून मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "मीपण गप्पच होते ना, मावशी." आणि चहा पिऊन त्या गेल्या.

रविवारी सर आले. सोबत ग्रुपमधली चार-पाच माणसं, अंगणात गाव जमा. सरांनी मोबाइल समोर धरला आणि काय बोलायचं ते मला समजावून सांगितलं.  पदराचं टोक मी इतकं पिळलं होतं की त्याला अजून वळी आहे. पण मी बोलले. कसं बोलले ते मलाही सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "मी नंबर नाय बोलले. ती मॅट रिकामी होती, ते मला दिसलं होतं, तरी मी तुम्हाला सांगितलं नाय. माझा गुन्हा तो आहे. त्याची मी माफी मागते. हे घ्या व्हिडिओत."

सरांनी मोबाइल खाली केला. म्हणाले, असं नाही चालणार. मॅट रिकामी होती म्हणता, मग आवाज कोणाचा?

"मला ठाऊक नाय. तुम्हालापण नाय. पण तुम्हाला ठाऊक नाय म्हणून तो माझा होत नाय."

अंगणात कोणी हसलं नाही. हिराबाय माझ्याकडे असं बघत होती की जणू मीच डोंगरावरून उतरून आलेली कोणी परकी बाई आहे. सरांनी तो व्हिडिओ पुसला असणार, कोणाला पाठवला तर नाहीच. ग्रुप परत आले नाहीत. हिराबाय आता पनवेलला एका पोळी-भाजी केंद्रात जाते. माझ्याशी बोलते, पण कमी. ग्रुपवाले दुसऱ्या कुठल्या डोंगरावर जातात आणि तिथे ही गोष्ट सांगतात, असं प्राजूच्या मैत्रिणीकडून कळलं. त्यात मी अजून तशीच आहे, गंमत करणारी अडाणी बाई.

आवाज कोणाचा होता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आमचे हे म्हणतात डोंगरात आवाज घुमतो. पण घळीतली मुलगी तर बोललीच नव्हती, मग घुमला काय? सासूबाईंचं उत्तर अवसेवर येऊन थांबतं. प्राजू म्हणते, कोणीतरी चुकून दोनदा बोललं असेल. त्या चोवीस माणसांना एकेकाला कोणी विचारलं का? नाही विचारलं. विचारायची गरजच पडली नाही, मी होते ना. मला भुताचा राग नाही. भूत असेल किंवा नसेल. ज्यांनी हे उत्तर शोधायचं ते शिकलेले होते, त्यांच्याकडे दुर्बीण होती, आणि त्यांनी शोधलं नाही, याचा मला राग आहे.

न बोलल्याचा दोष माझा. तो मी मरेपर्यंत घेईन, गार्गीने सोडला तरी घेईन. बोलल्याचा दोष मी घेणार नाही.